सत्तेचाळीस नंबर

दामाजी कोळ्यांना ठाण्याच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागून बावीस वर्षं झाली होती आणि बावीस वर्षांत त्यांनी ओतलेल्या एकाही प्लेटवर बुरशी धरली नव्हती. एम.एस्सी.ची मुलं जंतूंच्या अन्नाची पातळ जेली काचेच्या बशांत ओतून स्वतः प्लेटा करत, तिसऱ्या दिवशी त्यांवर हिरवी-काळी लव उगवे, आणि मग ती दामाजींच्या मागेमागे फिरत. दामाजी आधी पंखा बंद करायला लावत. मग बर्नर पेटवून, ओठ घट्ट मिटून, एकामागून एक वीस प्लेटा ओतत आणि शेवटचं झाकण पडलं की मगच बोलत.

"बुरशी अर्धी हवेतून येते नि अर्धी वटवट करनाऱ्याच्या तोंडातून. आधी तोंड मिटायला शिका, मंग पी.एच.डी. करा."

सरोज आठल्येला तोंड मिटायला शिकावं लागलं नाही. ती मुळातच कमी बोलणारी. सव्वानऊच्या सुमारास ती डोंबिवलीहून लॅबमध्ये पोचे, तोवर चेंदणीच्या कोळीवाड्यातून चालत आलेले दामाजी कुकर लावून बसलेले असत. वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला ते कुकरच म्हणत. दुपारी तिनं डबा उघडला की हटकून डोकावत.

"परत पडवल? बाय, एक डाव आमच्या दगडाबाईच्या हातची चिंबोरी खा. तुजी यीस्ट पन वाढेल नि तू पन."

"घरात कळलं तर बाहेर काढतील मला."

"काढू दे की. कोळीवाड्यात जागा हाय."

दगडाबाई म्हणजे त्यांची बायको. तिला सरोजनं एकदाच पाहिलं होतं, पण दामाजींच्या बोलण्यात ती रोज असे.

दामाजींचं शिक्षण चौथीपर्यंत. बाटल्यांवरची इंग्रजी नावं ते अक्षरांच्या आकारावरून ओळखत आणि त्यात कधी चुकत नसत. पण वाचता येत नव्हतं. ऑफिसातून रजेचा, फंडाचा, युनियनचा काही कागद आला की ते चार घड्या घालून तो खिशात ठेवत आणि सरोज मोकळी झाली की तिच्यासमोर धरत. ती वाचून मराठीत सांगे. खालच्या भगवान क्लार्कनंही सांगितलं असतं, पण भगवान कुणाचाही कागद सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा वाचायचा.

सरोजचं काम यीस्टवर होतं. पाव फुगवणारं तेच हे यीस्ट. त्याची पेशी ल्यूसिन नावाचं अमायनो आम्ल स्वतःच बनवते. प्रथिनांची माळ ओवायला जे वीस प्रकारचे मणी लागतात, त्यांतला हा एक मणी. ते बनवण्याच्या पहिल्याच पायरीवर एक एन्झाइम बसलेलं असतं. ल्यूसिन पुरेसं झालं की ते स्वतःच जाऊन त्या एन्झाइमला चिकटतं आणि काम थांबतं. भात उरलेला असला तर घरात कुणी नव्यानं तांदूळ धूत नाही, तसं. सरोजकडे एका बोटभर बाटलीत खोटं ल्यूसिन होतं. घडण तीच, फक्त तीन हायड्रोजनच्या जागी तीन फ्लोरिन. पेशी फसते. खोटा मणी माळेत ओवते आणि माळ कामातून जाते. शिवाय ते खोटं ल्यूसिन पहिल्या पायरीवरच्या एन्झाइमलाही चिकटून 'पुरे' म्हणतं, म्हणजे खरं बनणंही बंद. दोन्हीकडून मरण.

तरी कोटीत एखादी पेशी या विषावर जगते. अशा जगणाऱ्यांपैकी बहुतेकींनी नुसतं दार लावून घेतलेलं असतं. बाहेरचं ल्यूसिन आत घ्यायची वाटच त्यांच्यात मोडलेली असते. खरं असो की खोटं, आत काही शिरत नाही. सरोजला त्या नको होत्या. तिला हवी होती अशी पेशी, जिच्या एन्झाइमला 'पुरे' ऐकूच येत नाही. जी खरं ल्यूसिन इतकं रांधते की खोट्याला पंगतीत जागाच मिळत नाही. चार वर्षांत तिनं जगलेल्या पेशींचे सहाशेवर ठिपके प्लेटांवरून उचलून तपासले. सगळे दार लावून बसलेले.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, नव्या खेपेतली सत्तेचाळीस नंबर सापडली.

तपासायची रीत साधी होती. ज्या यीस्टला ल्यूसिन बनवताच येत नाही, असं एक अपंग वाण प्लेटभर पातळ पसरायचं. प्लेटमध्ये ल्यूसिन अजिबात घालायचं नाही, म्हणजे ते उपाशी पडून राहतं. मधोमध आपला ठिपका ठेवायचा. तो जर भरमसाट ल्यूसिन बनवत असेल तर थोडं बाहेर पाझरतं आणि त्याच्या आजूबाजूचे उपाशी जगतात. सत्तेचाळीस नंबरभोवती तिसऱ्या दिवशी एक पांढरं कडं उठलं. सरोजनं प्लेट उजेडाकडे धरली. दामाजींनी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

"हे गोल काय उगवलाय?"

"शेजारी. त्यांना स्वतःचं बनवता येत नाही. ही देते त्यावर जगलेत."

"म्हंजी आमच्या आलीतली मालू म्हातारी," दामाजी म्हणाले. "घरात चूल पेटली की चार घरांत कालवन वाटून यायची. सोता शेवटाला बसायची, भांड्याला लागलेला खायला."

तेही खरंच होतं. सत्तेचाळीस नंबर हळू वाढे. जे रांधे त्यातलं बरंचसं वाया जाई, म्हणून ठिपके बारीक, किडमिडे. आणि तिच्यातच मधूनमधून एखादी पेशी पुन्हा साध्या वळणावर जाई. ती तिच्या दुप्पट वेगानं वाढे. विष असलं तर ती साधी मरे आणि सत्तेचाळीस टिके. विष नसलं तर थोड्या दिवसांत साध्याच सगळीकडे. म्हणून तिला विषाशिवाय ठेवायचं नाही, असं सरोजनं वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलं होतं. इंग्रजीत.

तिच्या दोन नळ्या होत्या. दोन्ही फ्रिजमध्ये एकाच स्टँडवर.

घरी तिचे वडील, अण्णा, तिचा पी.एच.डी.चा प्रबंध टाइप करत होते. रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. निवृत्त होताना त्यांनी कचेरीतला जुना टाइपरायटर लिलावात घेतला होता. तीन प्रकरणं झाली होती. एकही खाडाखोड नाही. ल्यूसिन म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नव्हतं, पण त्याचं स्पेलिंग तिच्या हस्तलिखितात एकदा चुकलं तेव्हा त्यांनीच ते दाखवलं होतं.

"चौथं प्रकरण आण लवकर," ते म्हणायचे. "तुझ्या त्या किड्यांपेक्षा माझी रिबन आधी मरेल."

"किडे नाहीत, अण्णा."

"बरं, जे काय असतील ते."

चौथं प्रकरण म्हणजे सत्तेचाळीस नंबर. पहिल्या पायरीवरचं एन्झाइम बाहेर काढायचं, त्यात ल्यूसिन मिसळायचं आणि तरीही ते थांबत नाही हे मोजून दाखवायचं. सरोजनं एकदा मोजलं होतं. आकडे सुंदर आले होते. पण एकदा मोजलेलं म्हणजे न मोजलेलंच. आणखी दोनदा तरी हवं होतं. नोंदणीची मुदत एकोणनव्वदच्या मार्चअखेर संपत होती. वेळ पुरेसा होता.

ऑक्टोबरच्या चौदा तारखेला, शुक्रवारी, साडेअकराच्या सुमारास प्राचार्यांच्या ऑफिसात फोन आला. शेजारच्या नंदाताईंचा. अण्णा टाइपरायटरवरच कलंडले होते.

सरोज पर्स घेऊन पळाली. जिन्यात दामाजी वर येत होते, हातात धुतलेल्या नळ्यांची बादली. तिनं त्यांना काय झालं ते सांगितलं आणि दोन पायऱ्या उतरून मागे वळून म्हणाली, "दामाजी, माझ्या नळ्यांकडे बघा हं."

तिला काय म्हणायचं होतं, हे तिनं नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. फ्रिजचं दार नीट लागलंय का ते बघा, एवढंच बहुधा. की काहीच नव्हतं म्हणायचं. घरातून निघताना माणूस नुसतंच म्हणतो तसं.

अण्णा गेल्यावर तिसऱ्या दिवशी दामाजी डोंबिवलीला येऊन गेले. दारापाशी सतरंजीच्या कडेवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. उठताना म्हणाले, "कालजी करू नको बाय. तुज्या नल्या मी उपाशी नाय ठेवल्या."

सरोजनं मान हलवली. तिच्या आईला त्याच वेळी उलटी होत होती.

ती परत गेली अठ्ठावीस तारखेला. फ्रिज उघडला. स्टँडवर दोन नळ्या होत्या, कापसाचे बोळे स्वच्छ, नंबर पुन्हा नीट गिरवलेले. आत मलईसारखा दाट, पांढराशुभ्र थर. सत्तेचाळीस नंबरला इतकं बाळसं तिनं कधी पाहिलं नव्हतं. फ्रिजचं दार उघडंच ठेवून ती उभी राहिली. तिला उमगलं होतं, पण अजून ते खरं व्हायचं बाकी होतं.

"कशा झाल्यात?" मागून दामाजी म्हणाले. ते वाटच बघत होते. "तू गेलीस तेव्हा कशा व्हत्या, हाडं दिसत व्हती."

"काय केलंत तुम्ही, दामाजी?"

त्यांनी सांगितलं, सांगताना चेहरा उजळला होता. कोळीवाड्यात ज्या घरात मयत होतं, त्या घरची चूल पेटत नाही. माणसांना आळी जेवू घालते आणि त्या घरची कोंबडी-बकरीसुद्धा आळीच सांभाळते. मुक्या जितराबानं घरच्या दुःखापायी उपाशी का राहावं? म्हणून त्यांनी रोज सकाळी नवी नळी केली. चांगलं अन्न घातलं: यीस्टचा अर्क, पेप्टोन, साखर, मुलं वापरतात ते सगळ्यात भारी. बर्नरपाशी बसून तार तापवून जुन्या नळीतलं थोडं नव्या नळीत नेलं आणि ती वाढेपर्यंत फ्रिजबाहेर ठेवली. दोन्ही नळ्यांचं. एकीला घालायचं आणि दुसरीला नाही, हे त्यांच्यानं झालं नाही.

"आणि ती बाटलीतली पूड?"

"ती तुज्या कपाटात कुलपात. नि खरा सांगू? असती तरी नसती घातली. सुतकाच्या घरी कोन इख वाढतो?"

"जुन्या नळ्या?"

"रोजच्या रोज कुकरमधून काढून धुतल्या. मी कदी घान ठेवलीय?"

नव्हती ठेवली. बावीस वर्षांत नाही.

"बरं केलंत," सरोज म्हणाली.

तिनं त्याच दुपारी कड्याची तपासणी लावली. तिसऱ्या दिवशी प्लेट उजेडाकडे धरली. मधला ठिपका टपोरा होता. भोवती काही नव्हतं. शेजारी उपाशीच होते.

मग तिनं त्या दोन नळ्यांतलं यीस्ट विरळ करून पसरलं आणि एकेक ठिपका वेगळा उचलून विषावर ठेवला. कुठंतरी, त्या सगळ्या साध्यांच्या गर्दीत, एखादी तरी मूळची उरली असेल. नोव्हेंबर गेला, डिसेंबर अर्धा गेला. तीनशे बारा ठिपके झाले, एकही मूळचा नव्हता. प्लेटा दामाजी ओतत होते. रोज वीस, कधी तीस. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. इतक्या प्लेटा लागतायत म्हणजे काम जोरात चाललंय, अशी त्यांची समजूत. त्यातच खूश होते. "आता उरकून टाक एकदाचा," म्हणायचे. "तुजे अन्ना वरून बघतायत."

सरोज मान खाली घालून तार तापवत राही.

तिचे मार्गदर्शक श्रीपाद देवस्थळी. माणूस वाईट नव्हता. वर्षाला चार शोधनिबंध, आवाज कधी चढलेला नाही, विद्यार्थ्यांच्या लग्नांना आवर्जून जायचे. तिनं सगळं सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून पुसत बसले.

"पुन्हा शोधायला किती दिवस?"

"मागच्या वेळी चार वर्षं लागली, सर. आता काय शोधायचंय ते माहीत आहे. वर्षभर मिळालं तर..."

"विद्यापीठ वर्षभर देतं. पण कधी? विद्यार्थ्याचा दोष नसताना साधनसामग्रीचं नुकसान झालं असेल तरच. तसा नियम आहे. तू स्वतः निष्काळजीपणा केलास म्हटलंस तर अर्ज तिथंच संपला." त्यांनी चष्मा घातला. "पत्र लिही. भावना नकोत, घटना लिही. तुझ्या गैरहजेरीत कर्मचाऱ्यानं नळ्यांतली कल्चर हाताळली, वाण गेलं. मी शिफारस जोडतो."

"दामाजींचं काय होईल?"

"काय व्हायचंय? एखादा मेमो निघेल. फाईलला लागेल. अगं, त्याला एक वर्ष राहिलंय निवृत्त व्हायला. त्याचं काय बिघडणार? तुझं मात्र सगळं बिघडेल."

हे बरोबर होतं. सरोजला त्यात चूक काढता आली नाही.

पत्र तिनं घरी अण्णांच्या टाइपरायटरवर लिहिलं. रिबन फिकी पडली होती, पण मेली नव्हती. आई आत भाजी चिरत होती. सरोजनं तारखा लिहिल्या, वाणाचा क्रमांक लिहिला, विषाशिवायच्या अन्नावर तेरा वेळा बदली झाली हे लिहिलं. मग जिन्यातल्या त्या बोलण्यापाशी येऊन तिचे हात थांबले. 'माझ्या नळ्यांकडे बघा हं.' आणि तिसऱ्या दिवशीचं ते, सतरंजीच्या कडेवरचं, ज्यावर तिनं मान हलवली होती.

तिनं लिहिलं: 'स्पष्ट सूचना नसताना.'

हे खोटं नव्हतं. सूचना होती, पण स्पष्ट नव्हती. सरोज शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर होती, आणि त्या दिवशी तो काटेकोरपणा तिच्या कामाला आला. तिनं सही केली. फेब्रुवारीत विद्यापीठाकडून एक वर्षाची मुदतवाढ आली. देवस्थळी सरांनी चहा मागवला.

त्यानंतर आठवड्याभरानं, जेवणाच्या सुट्टीनंतर, दामाजी तिच्या टेबलापाशी आले. हात पुसले. खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"बाय, मोकली हायस? हे काय आलाय बघ. भगवान आज देताना हसला नाय. म्हंजी कायतरी भारी असनार."

सरोजनं कागद उलगडला. कॉलेजचा कागद, प्राचार्यांची सही. पहिली ओळ मनातच वाचली. तिनं कोपरं टेबलावर टेकवली. तिच्या मनात आलं, काहीही सांगावं. फंडाचं आहे म्हणावं. सही करा आणि द्या परत. त्यांनी दिली असती. तिनं सांगितलं त्यावर दामाजींनी बावीस वर्षांत... नाही, तिच्या पाच वर्षांत, कधी दुसऱ्याकडून खात्री करून घेतली नव्हती.

तिनं वाचलं. एकेक ओळ मराठीत.

"'श्री. दामाजी कोळी, प्रयोगशाळा परिचर, यांस. दिनांक चौदा ते सत्तावीस ऑक्टोबर या काळात आपण एका संशोधक विद्यार्थिनीची कल्चर्स स्पष्ट सूचना नसताना हाताळलीत. त्यामुळे संशोधनाचं भरून न येणारं नुकसान झालं, अशी तक्रार आली आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा. निर्णय होईपर्यंत आपण प्रयोगशाळेत प्रवेश करू नये. आपली नेमणूक मुख्य फाटकावर करण्यात येत आहे.'"

दामाजी ऐकत उभे होते. कागदाकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत.

"कोनच्या नल्या?"

"माझ्या."

"नि तक्रार?"

"मी केली."

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. तिच्यासमोर ते याआधी कधी बसले नव्हते. मग त्यांनी फ्रिजकडे हनुवटी केली.

"मेल्या?"

"नाही. आहेत. पण ती सत्तेचाळीस राहिली नाही त्यात." सरोज बोलू लागली आणि तिला आपला आवाज वर्गात शिकवल्यासारखा ऐकू आला. "विषावर असताना तिच्यासारख्याच जगायच्या. चांगलं खायला मिळाल्यावर तिच्यातूनच साध्या निघाल्या, भराभर वाढणाऱ्या. ती सगळ्यांसाठी रांधत राहिली नि मागे पडली. रोज थोडी थोडी. तेरा दिवसांनी उरलीच नाही."

"म्हंजी मी खायला घातला म्हनून ती गेली."

"हो."

"नि दिवाली धरून ज्या प्लेटा वतल्या आपन?"

"तिला शोधायला."

दामाजींनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. मोठे, पाण्यानं सुरकुतलेले, स्वच्छ हात.

"मना सांगितला असतास," ते म्हणाले, "तर मी बी शोधली असती. डोले फाडून शोधली असती. मी आपला वतत बसलो नि मनात म्हनत, बायचं काम चाललाय." ते थांबले. "तू बरं केलंत म्हनालीस. मी घरी जाऊन दगडाबाईला सांगितला, बाय बरं केलंत म्हनाली."

व्हरांड्यात कुणीतरी कुणाला तरी "अबे चल ना, लेक्चर गेलं" म्हणून हाक मारत गेलं.

"बरं, पेन काढ," दामाजी म्हणाले. "जबाब लिवायचा ना? लिव."

"मी?"

"मंग काय भगवानकडे जाऊ?"

तिनं कोरा कागद घेतला. वर तारीख घातली. मग पेन खाली ठेवलं.

"दामाजी, मी त्या दिवशी जिन्यात तुम्हाला म्हटलं होतं, माझ्या नळ्यांकडे बघा. आठवतं ना तुम्हाला?"

"आठवते की."

"मी ते पत्रात लिहिलं नाही. आता यात लिहिते."

"लिवलास तर तुला वरीस मिलाला ते ऱ्हाईल?"

तिनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"बावीस वर्सं हीच लफडी बघतो मी," दामाजी म्हणाले. "कोनाची मुदत कशी वाढते नि कशी मोडते, मना म्हाईत नाय? ते नको लिवू. तुजा बाप गेलेला. तू भानात नव्हतीस. बाप गेलेल्या मान्सानं जाता जाता काय म्हटला, ते कोनी धरायचा नसतो. मी धरला. ती चूक माजी." आणि मग, जरा कडक आवाजात, मुलांना तोंड मिटायला सांगत तसे, "लिव आता. सुतक व्हता. आमच्यात सुतकाच्या घरची जितराबं शेजारी सांभालतात. मी सांभालली. इख घालायचा असतो, मना ठावं नव्हता. चूक झाली. बस."

सरोज इंग्रजीत लिहू लागली. 'सुतक'ला तिला शब्द सापडेना. तो तिनं तसाच रोमन अक्षरांत लिहिला. जितराबांचं तिनं 'घरातले सजीव' असं केलं. विषाची ओळ लिहिली. मग पेन थांबलं. त्या ओळीनंतर आणि 'चूक झाली'च्या आधी एक वाक्य बसत होतं, जिन्यातलं. नऊ-दहा शब्दांचं. तिला ते पाठ होतं. अण्णांनी टाइप केलेली प्रबंधाची तीन प्रकरणं डोंबिवलीच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होती. पेनाच्या टोकाखाली शाईचा बारीक ठिपका पसरला.

दामाजींनी दुसरीकडे, खिडकीकडे पाहिलं. तिला एकटं सोडल्यासारखं.

तिनं 'चूक झाली' लिहिलं.

"वाच."

तिनं वाचलं, मराठीत. दामाजींनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "बराबर." आणि सही केली. सही करायला त्यांना वेळ लागे. एकेक अक्षर ते प्लेट ओतल्यासारखं ओठ मिटून काढत.

ते उठले. स्टूल होतं तिथं सरकवलं.

"कुकरची रबरी कडी गेलीय," म्हणाले. "शिटी येते, पन दाब चढत नाय. नवीन येईल त्याला सांग, शिटीवर जाऊ नको, काट्यावर बघ. नाय तर सगल्यांच्या प्लेटा बुरसतील."

"दामाजी..."

"जेवून घे. डबा तसाच हाय तुजा."

ते गेले. सरोजनं डबा बाजूला सारला. मग उठून त्यांच्या मागे जिन्यापर्यंत आली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. फक्त अजून थांबवता येईल, कागद अजून ऑफिसात पोचलेला नाही, एवढंच डोक्यात होतं. पण जिन्याच्या तोंडाशी आली तेव्हा खालून भगवान क्लार्कचा आवाज आला, नेहमीसारखा, सगळ्या मजल्याला ऐकू जाणारा.

"अरे वा, दामाजीशेठ! जबाब, तो पण इंग्लिशमध्ये? वकील केला की काय? एवढं फर्स्ट क्लास लिहून दिलं कोणी?"

"कोन म्हंजी?" दामाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही खोट नव्हती. "आमची बाय हाय ना वर."